बहीजामावशीचा वाटा

आज दुपारी आमच्या जिन्यात बहीजामावशी मधेच थांबली, कठडा धरला आणि वर न बघता म्हणाली, "पायऱ्या वाढवल्यात काय गं, नवाल?"

मी हसले. ती हसली नाही. तिला श्वास पुरत नव्हता. ते काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या वल्हांडण आहे, मिसरमधून सुटल्याचा आमचा मोठा सण, घरातले सगळे झोपलेत, मलाही झोपायला हवं. पण आडवी झाले की तो कठडा दिसतो आणि त्यावरचा तिचा हात दिसतो. म्हणून उठून वही घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले आहे.

तिच्या काखेत गाठोडं होतं. आमच्या डोंगरावरची कुठलीही बाई ते गाठोडं ओळखेल. चपटी झालेली उशी, करडी शाल आणि दांडी तुटलेली किटली. गाठोडं तिने दाराशी ठेवलं आणि सांगितलं की उद्या दिवस मावळायच्या आत ती येईल, तिर्सापाशी, माझ्या बाळंत लेकीपाशी, बसेल, आम्ही सगळ्यांनी बिनघोर कोकरं कापायच्या मैदानावर जावं. ओझं आजच आणून ठेवलं, म्हणजे उद्या रिकाम्या हाताने चढता येईल.

वासिफने, माझ्या नवऱ्याने, आतल्या खोलीतून ऐकलं आणि म्हणाला, देव तिला आयुष्य देवो, एक काळजी मिटली. मी तशीच दारात उभी राहिले. आभार मानायचे सोडून मी विचारलं, "मावशी, आणि तुझा नवा झगा?"

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी घालीन. घट्ट तर नाही ना होणार आता. झाला तर सैलच होईल."

हे बोलून ती कठड्याला धरून उतरून गेली. या वर्षी ती कुणाकडेच आत जाणार नव्हती. या वर्षी ती सणाचं कोकरू खाणार होती.

'आत जाणं' हा शब्द आमच्याकडे तिच्यामुळेच रुळला. आम्ही शोमरोनी, मोशेचं जुनं शास्त्र पाळणारे मूठभर लोक; आमची बाई बाळंत झाली की वेगळ्या खोलीत राहते. मुलगा झाला तर चाळीस दिवस, मुलगी झाली तर ऐंशी. तिला किंवा बाळाला जो शिवेल तो दिवस मावळेपर्यंत बाहेरचा. त्याने आंघोळ करायची आणि अंधार पडायची वाट बघायची. एरवी याचं कुणाला काही वाटत नाही. सासू आत असते, बहीण असते, संध्याकाळी न्हाऊन बाहेर येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. अडतं ते फक्त वल्हांडणाला. त्या दिवशी सूर्य टेकायच्या आत मैदानावर उभं राहावं लागतं. शिवलेली बाई शुद्ध होते ती सूर्य गेल्यानंतर. म्हणजे त्या रात्री जी बाळंतिणीजवळ बसेल तिला कोकरू नाही. आणि तिच्यासाठी वाटा काढूनही ठेवता येत नाही, कारण ज्या घरात ते मांस खाल्लं जातं तिथून तुकडाही बाहेर न्यायचा नाही आणि सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही. उरलं ते विस्तवात.

तशा त्या रात्री पाळीमुळे बाहेर बसलेल्या मुली असतात. त्यांना पाठवता येतं, काही वर्षी पाठवलंही. पण त्या फोनवर काहीतरी बघत बसतात, आणि बाळाने उलटी केली की बाळंतिणीच्या आधी त्याच रडायला लागतात. म्हणून मग कुणीतरी म्हणतं, बहीजामावशीला विचारा. विचारायला जाणाऱ्याला ती पुढचं बोलूच देत नाही. चपला पायात सरकवते.

ती कपडे शिवते. पुरुष त्या संध्याकाळी जे पांढरे कपडे घालून कोकरं कापतात ते बरेचसे तिच्याच मशिनवरचे. सणानंतर ते डागाळलेले, उसवलेले तिच्याकडे दुरुस्तीला येतात, आणि डाग बघून ती सांगते की कोण पुढे होता आणि कोण मागे उभा राहून नुसता मोठ्याने प्रार्थना म्हणत होता. माझ्या दिराचे कपडे एका वर्षी अगदी कोरे परत गेले. तिने घडी घालून देताना विचारलं, हे धुवायचे होते की नुसते दाखवायला आणलेत. दीर अजून तिच्यासमोर बसत नाही.

तिचा नवरा राधी लवकर गेला. मुलगा इथामार खाली समुद्राकडच्या होलोनला बस चालवतो. आमची निम्मी माणसं तिकडेच आहेत, सणाला वर येतात. तो दरवर्षी तिला तिकडे चल म्हणतो, आणि ती म्हणते, तिकडे समुद्राची हवा आहे, सुया गंजतील.

हे आत जाणं कुठून सुरू झालं, ते तिने मला एकदाच सांगितलं. तिर्साच्या वेळी मी खोलीत होते आणि ती माझ्यापाशी बसली होती. तिच्या तरुणपणी आमचे लोक खाली नाबलुसमध्ये राहत. सणाला सगळा मोहल्ला डोंगरावर यायचा, तंबू ठोकायचा. इथामार तेव्हा चार-पाच दिवसांचा होता. तिला वर नेणं शक्य नव्हतं, आणि सण सोडून खाली राहायला कुणी तयार नव्हतं. उशाशी भाकरी ठेवली, पाणी ठेवलं, दाराला कडी घालू नकोस म्हणून बजावलं आणि सगळे गेले. संध्याकाळी तिला ताप भरला. पाण्याचं भांडं उठून घ्यायच्या धडपडीत तिच्याच हाताने लवंडलं. बाळ रडत होतं, पण त्याला उचलावं एवढी ताकद हातात नव्हती. खिडकीतून डोंगरमाथा दिसत होता आणि त्यावर भट्ट्यांचा उजेड. तिथे तिचं सगळं गणगोत उभं होतं, आणि सगळे देवाला सांगत होते की तू आम्हाला मिसरमधून हात धरून आणलंस.

गच्चीवरून शेजारची मुसलमान बाई, उम्म खलील, उतरून आली. बाळाचं रडणं थांबत नव्हतं म्हणून आली. रात्रभर तिने बाळ छातीशी धरलं आणि हिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. सकाळी सासू वरून आली आणि देवाची कृपा म्हणाली.

"खरी गोष्ट आहे, देवाचीच कृपा," मावशी मला म्हणाली होती. "पण ती कृपा जिना उतरून आली होती. माझ्या घरचे त्याच वेळी जिना चढत होते."

पुढच्या वर्षी ती शुद्ध होती, मैदानावर होती, तिने खाल्लं. पण खाताना सारखं मनात येत होतं की सारा खाली एकटी आहे. सारा म्हणजे तिची जाऊ, तिला आदल्या आठवड्यात मुलगी झाली होती. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी न सांगता ती एका बाळंतिणीपाशी जाऊन बसली, आणि मग बसतच राहिली. मधे काही वर्षं कुणी खोलीत नव्हतं, तेव्हा तिने खाल्लं. शेवटचं कधी खाल्लं ते तिला आठवतं, पण चव आठवत नाही म्हणते.

ती बंडखोर वगैरे नाही. कुणी शास्त्राला नावं ठेवली तर तिला खपत नाही. होलोनची एक शिकलेली सून एकदा म्हणाली की हे सगळं बायकांना दूर ठेवायला काढलंय. मावशीने सुईत दोरा ओवता ओवता तिला विचारलं, बाळंतपणात चाळीस दिवस तुझ्या हातचं कुणी मागितलं का, नवऱ्याने भांडी घासली ना, मग गप बस. पण एकदा मात्र तिने आमच्या म्हाताऱ्या याजकांना दारात गाठलं. मी शेजारीच उभी होते. ती म्हणाली, "मेल्याला शिवलेल्या माणसासाठी शास्त्रात दुसरा वल्हांडण आहे, पुढच्या महिन्यात. जन्मलेल्याला शिवलेल्या बाईसाठी का नाही?"

याजक दाढीत हसले. म्हणाले, "ज्यांनी मोशेला जाऊन विचारलं त्यांना तो मिळाला, बहीजा. तू तेव्हा नव्हतीस."

"असते तरी आत असते," ती म्हणाली, आणि त्यांच्या झग्याची उसवलेली शिवण तिथेच उभ्या उभ्या घालून दिली.

मघाशी उठून खिडकीपर्यंत जाऊन आले. तिर्साची खोली जिन्याच्या वर, अंगणापलीकडे आहे. दिवा आहे. झोपली आहे की नाही, कळत नाही.

तिर्सा नऊ वर्षांची असताना एक गोष्ट झाली, ती लिहायलाच हवी. त्या वर्षी मावशी आमच्या शेजारी आत बसली होती. इकडे आमच्या घरी भट्टीतून मांसाची परात आली, आम्ही कंबर बांधून उभ्या उभ्या, घाईघाईने, जसं खायचं तसं खाल्लं. तिर्सा तेवढ्यात दिसेनाशी झाली. तिने खांद्याचा एक तुकडा बेखमीर भाकरीत गुंडाळून बाहीत लपवला होता आणि शेजारच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली होती. मावशीला आधी वास आला, मग मुलगी दिसली. पुढचं तिर्साने मला सकाळी हुंदके देत सांगितलं.

मावशीने तिला तिथेच थांब म्हटलं, खिडकीजवळ येऊ दिलं नाही. विचारलं, "कुठला भाग आहे?"

"खांद्याचा."

"नीट भाजलाय?"

"हो."

"मीठ?"

"जास्त आहे."

"दरवर्षी जास्तच असतं," मावशी म्हणाली. "आता पळ. जसाच्या तसा विस्तवात टाक. खाली पाडू नकोस, हाड असेल तर मोडू नकोस. आणि टाकून झालं की इथे येऊन मला सांग."

तिर्सा गेली, टाकून आली, सांगितलं. तेव्हा मावशीने आतून खिडकीच्या काचेवर हात ठेवला, म्हणे, आणि बराच वेळ काढला नाही. तिर्सा रागावली होती. तिचं म्हणणं होतं की मावशीला खायचंच नव्हतं, नाहीतर कुणी असं पळवून लावतं का. मी तेव्हा तिला काहीतरी समजावलं. आज मला वाटतं की त्या रात्री त्या डोंगरावर मावशीइतकं ते मांस कुणालाच खायचं नव्हतं.

मागच्या शरदात, मांडवांच्या सणाला, आमच्या बैठकीत छताला डाळिंबं आणि लिंबं टांगलेली होती आणि खाली सगळ्या बायका बसल्या होत्या. मावशी म्हणाली, सगळ्यांनी ऐकून ठेवा, येत्या वल्हांडणाला मला कुणी बोलवायचं नाही. नाबलुसच्या डॉक्टरने तिच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं होतं. इथामारने उन्हाळ्यात शस्त्रक्रिया ठरवली होती. "उन्हाळ्यात मला कापणार आहेत," ती म्हणाली, "त्याआधी मी कापलेलं खाऊन घेते." सगळ्या हसल्या. मग बोटं मोजून झाली, कोण कधी मोकळी होणार. दोघी हिवाळ्यात होत्या, त्यांचे दिवस आधीच भरणार होते. तिर्साची तारीख सणानंतरची होती. मावशी समाधानाने म्हणाली, वा, रस्ता मोकळा आहे.

तिने स्वतःसाठी झगा शिवला. पांढरा, बाह्यांना बारीक टाके घातलेला. आयुष्यभर दुसऱ्यांचे पांढरे कपडे शिवणाऱ्या बाईचा हा पहिला. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा तो तिच्या दारामागे टांगलेला होता, आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून जुनी चादर.

आणि तिर्सा तीन आठवडे आधी बाळंत झाली. मुलगी. रक्त फार गेलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आल्यावर तिची सासू आत होती. मी जाऊ शकले नाही, कारण आमच्या घरची आणि दिरांच्या घरची सणाची बेखमीर भाकरी माझ्या हातची असते, त्या हाताला विटाळ चालत नाही. मी दिवसातून दहा वेळा खिडकीशी जाते. स्टुलावर जेवण ठेवते, मागे सरते, मग ती उचलते. नात मी काचेतून पाहिली आहे. पिवळी आहे अजून, दूध ओढताना दमून झोपी जाते. तिर्सा विचारते, आई, एवढं झोपणं बरं आहे का. मी म्हणते, बरं आहे. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकले, कावीळ का होते ते मला फळ्यावर काढून दाखवता येईल, आणि तरी मी खिडकीत उभी राहून बरं आहे, बरं आहे एवढंच म्हणते.

आज सकाळी तिची सासू न्हाऊन बाहेर आली. तिच्याही घरी सण आहे, पाहुणे आहेत, आणि तिचा मुलगा, आमचा जावई अबीशा, उद्या पहिल्यांदा सुरी धरणार आहे. तिने ते बघायला नको? मावशीला कुणीही विचारलं नाही, हे मी देवासमोर सांगते. पण सासू बाहेर आल्याची बातमी शिवणाच्या मशिनपर्यंत पोचली असणार, आणि दुपारी ती गाठोडं घेऊन जिन्यात उभी राहिली. आपल्याला विचारलं नाही म्हणजे आपण जायचं नाही, असं तिला कधी वाटलंच नाही. आणि तिने सांगितलं म्हणजे प्रश्न सुटला, असं आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं वाटत आलं.

संध्याकाळी जेवताना मी वासिफला म्हटलं की उद्या मीच आत जाते. त्याने घास खाली ठेवला. पहिलं नातवंड झालेलं, जावई सुरी धरणार, आणि घरची बाई मैदानावर नाही, लोक काय म्हणतील? शिवाय मावशीने आपणहून सांगितलंय. आता नको म्हटलं तर तिला वाटेल, मी म्हातारी झाले म्हणून नाकारतात.

"तिला वाईट वाटेल, नवाल. तू तिला ओळखतेस," तो म्हणाला.

तो चुकीचं बोलला नाही. म्हणूनच झोप येत नाही. मी तिला उद्या सकाळी समजावायला गेले, तर ती ऐकून घेईल, माझ्यासाठी मरमियाची पानं घालून चहा टाकेल आणि दुपारी येऊन तिर्साच्या खोलीत बसलेली असेल. तिला वादात कुणी हरवलेलं मी पाहिलं नाही. तिला नाही म्हणता येईल असा शब्द माझ्याकडे नाही.

आणि खरं सांगायचं तर मला मावशीची काळजी आहे की त्या पोरीला एकदा हातात घ्यायचं आहे, हेही मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही असेल. मैदान मलाही सोडवत नाही. सूर्य टेकतो, सगळे एका आवाजात म्हणायला लागतात, आणि क्षणभर कुणी श्वास घेत नाही, तो क्षण मी वर्षभर डोळ्यांपुढे ठेवते. उद्या तो मला फक्त ऐकू येईल, अंगणापलीकडून. मावशीने तो तसाच ऐकला आहे, कुठल्या ना कुठल्या खिडकीतून, इतकी वर्षं.

ओट्यावर भाकऱ्यांची चवड झाकून ठेवली आहे. आज संध्याकाळी शेवटची भाजली. बराच वेळ मी त्या फडक्याकडे बघत होते आणि माझ्या लक्षात येत नव्हतं. भाकरी झाली. माझे हात शुद्ध ठेवायचं जे कारण होतं, ते आता फडक्याखाली आहे. परात वाढायला नणंद आहे.

आणि आपला दिवस तर मावळतीपासून धरतात. म्हणजे उद्याचा दिवस केव्हाच सुरू झालाय. आता या घटकेला जी शिवेल ती उद्या सूर्य गेल्यावरच मोकळी होणार. तिला मैदान नाही, मग तिने काहीही केलं तरी. आणि अशी एक बाई आत असताना दुसरीने आत येऊन आपलं कोकरू घालवायचं, हे मावशीसुद्धा कुणाला पटवून देऊ शकणार नाही. शास्त्राची ती पक्की आहे. शास्त्रापुढे ती गप्प बसते, आणि गप्प बसवायला दुसरं काही नाही.

म्हणजे आधी विचारायचं नाही. आधी शिवायचं.

आत्ता बाळ कुरकुरलं. रडणं नाही, नुसती कुरकुर. तिर्सा त्याला काहीतरी सांगते आहे, तिचा आवाज दमलेला आहे.

वही मिटते. अंगण ओलांडते, दार उघडते, आधी लेकीच्या डोक्यावर हात ठेवते, मग नातीला घेते. वासिफ सकाळी चिडेल, चिडू दे, त्याच्या हातून तेव्हा काही होणार नाही. किटली आणि उशी आहेतच, मी वापरीन. फोन बरोबर घेऊन जाते. एवढ्या उशिरा कुणी फोन करत नाही, पण मावशीला झोप लागलेली नसणार, ती उशांच्या टेकूवर बसून असते. बाळ एका हातावर ठेवायचं आणि मावशीला फोन लावायचा. फार बोलायचं नाही, नाहीतर ती बोलायला लागेल. मावशी, मी नवाल, मी शिवले. तुझं गाठोडं माझ्याकडेच राहू दे. झग्यावरची चादर काढ, आणि उद्या जिना चढू नकोस, सरळ मैदानावर जा.